तोफांची तोंडं

त्या गवंड्याला सगळे ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ आहे का ते पाहायचा दोरीला बांधलेला ओळंबा कायम त्याच्या खिशात असायचा आणि भिंत रेषभर कलली तरी तो ती पाडून पुन्हा बांधायचा. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्याला तळ्यातल्या पडक्या किल्ल्याच्या डागडुजीचं काम मिळालं, तेव्हा तो हरखून गेला. त्याचे वडील तिथे नऊ वर्षं तोफखान्यात होते. पलीकडचा काठ तेव्हा परक्या देशाचा. "आम्ही होतो म्हणून तुम्ही निवांत झोपलात," असं ते शेवटपर्यंत ऐकवायचे. पुढे सरहद्द लांब सरकली, शिपाई निघून गेले आणि किल्ल्यात पाणकावळे राहायला आले.

पहिल्याच आठवड्यात गिलावा खरवडताना ओळंबा चक्रावला. पलीकडच्या काठाकडे तोफांच्या पाच खिडक्या होत्या, पण पाचही विटांनी बुजवलेल्या. गावाकडच्या भिंतीत तशाच पाच, उघड्या, घाईघाईनं फोडलेल्या. त्यानं एकीतून वाकून पाहिलं. समोर गावातला होड्यांचा धक्का, धक्क्यामागे त्याचं स्वतःचं घर. गच्चीवर बायकोनं वाळत घातलेली चादरसुद्धा दिसत होती.

देखरेखीच्या अधिकारी बाई म्हणाल्या, कागद कुठेच सापडत नाहीत. मूळच्या खिडक्या कुठल्या ते तुम्हीच ठरवा, बाकीच्या बंद करू. बायको म्हणाली, तुम्ही दिशा चुकला असाल. चाळीस वर्षं भिंती बांधणारा माणूस दिशा चुकेल का, यावरून दोघांची चांगलीच जुंपली. दुसऱ्या दिवशी मात्र तो गुपचूप होकायंत्र घेऊन गेला. खिडक्या होत्या तिथेच होत्या.

किल्ल्यावरच्या माणसांपैकी एकटा आचारी हयात होता. नव्वदी ओलांडलेली, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत मुलीकडे राहायचा. ओळंब्यानं स्टूल ओढून सरळ विषयाला हात घातला.

आचाऱ्यानं सगळं सांगितलं. एका तहात गाव पलीकडच्यांना देऊन टाकलं, किल्ला मात्र आपल्याकडेच राहिला. वरून हुकूम आला, तोफा फिरवा. नव्या खिडक्या पाडल्या, जुन्या बुजवल्या. आठ महिन्यांनी दुसरा तह झाला. गाव परत आलं, वर पलीकडचा काठही मिळाला. तोफा पुन्हा फिरवायचं मग कारणच उरलं नाही.

गावावरचा झेंडा काही महिने बदलला होता, एवढं ओळंब्यानं शाळेत ऐकलं होतं. घरात त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. तेव्हा तो चार वर्षांचा असणार आणि आईबरोबर त्याच घरात.

"बाबा कुठल्या तोफेवर होते?"

"तिसऱ्या."

"गोळे डागायचा हुकूम आला असता तर?"

म्हाताऱ्यानं गुडघे चोळले. "आला नाही ना," तो म्हणाला. मग पुढे बोलला, "रोज माझ्याकडे बटाटे सोलायला बसायचा. सुरी हातात, नजर तुमच्या गच्चीवर. तुझी आई यायची तिथे, तुला कडेवर घेऊन. कधी वाटायचं, हा रडतोय. कधी वाटायचं, अंतर मोजतोय. मला अजून कळलेलं नाही."

जिना उतरताना ओळंब्याला आपण कुणीकडे वळायचं तेच आठवेना. सायकलवाल्यानं हाताला धरून रस्त्याला लावलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं बाईंना सांगितलं की दहाही खिडक्या मूळच्याच आहेत. असं कसं होईल, त्या म्हणाल्या. त्यानं आचाऱ्याची हकीकत सांगितली. त्यांनी दोनदा लिहून घेतली, दोनदा खोडली आणि अखेर दहाही उघड्या ठेवायला मान्यता दिली. बुजवलेल्या विटा ओळंब्यानं स्वतः काढल्या. गावाकडच्या तिसऱ्या खिडकीशी तो दोन दिवस अडकून राहिला. कडा सरळ होती, तरी पुन्हापुन्हा ओळंबा सोडून पाहत होता.

काम संपलं त्या दिवशी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती हातातलं काम टाकून ऐकत राहिली.

"मग आता मामंजींचा राग धरायचा, की त्यांची कीव करायची?"

"ठरत नाही," तो म्हणाला, आणि हातपाय धुवायला गेला.