म्हशीची वाट

संघप्रिया कांबळेनं टेप लावून म्हशीची शिंगं मोजली, तेव्हा कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतली ती गल्ली पोट धरून हसली. हसणारच. घर बांधायला आलेली बाई आधी भिंती बघते, पाया बघते. हिनं शिंगांना टेप लावला. म्हैस तेवढी शहाणी, ती गप्प उभी राहिली.

संघप्रियाला हसण्याकडं लक्ष द्यायला फुरसत नव्हती. बांधकामाचा डिप्लोमा करून ती राजारामपुरीतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात चिकटली आणि अख्खं तारुण्य दुसऱ्यांच्या घरांचे जिने न् संडास ट्रेस करत बसली. घरं उभी राहायची, नाव साहेबांचं लागायचं. दोन हजार चार साली तिनं नोकरी सोडली, तेव्हा तिचे वडील बुद्धभूषण चांगलेच धास्तावले. माणूस मूळचा शाहूवाडीकडचा, एस.टी.त मेकॅनिक म्हणून राबलेला. "पेठंत आपल्याला कोण काम देतंय? आडनाव ऐकलं की दारातनंच वाटंला लावत्यात."

काम दिलं कालिंदीबाईंनी. शाळेत त्यांनीच तिला भूमिती शिकवलेली. हे घर साधलं तर संघप्रिया स्वतःच्या पायावर उभी राहणार होती, फसलं तर पुन्हा जिने आणि संडास.

बाईंचं मागणं साधं होतं. दिवसा बल्ब लागू नये, आणि गल्लीला स्वयंपाकघर दिसू नये. जुनं घर म्हणजे नुसती बोळकांडी. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती. लग्न होऊन आल्यापासून बाई भरदुपारी बल्बखाली तांदूळ निवडत होत्या. पुढची खिडकी उघडावी, तर समोरच्या गॅलरीतून धोंडुबाई विचारणार, "आज भेंडी व्हय?" बाईंचे यजमान नृसिंह यांनी तर राजारामपुरीत फ्लॅट बघूनच ठेवला होता. पोरीला जमलं नाही की सगळं उचलून तिकडं जायचं.

त्यात सासूबाई. त्यांना सगळे आक्का म्हणत. आक्कांची म्हैस गंगी पुढच्या दारानं आत शिरायची, माजघरातून डौलात मागच्या गोठ्यात जायची. धारोष्ण दुधासाठी कट्ट्यावर पेला घेऊन उभं राहणाऱ्या गावात याचं कुणाला नवल नव्हतं. आक्कांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "म्हस जाईल तिकडं मी जानार."

संघप्रियानं पहिला नकाशा काढला तो पेठेतल्या कुणीही काढला असता तसाच. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खोल्या, इंचभर जागा सोडायची नाही. पुढं मोठी काचेची खिडकी. म्हशीची सोय गावाबाहेर. आक्कांनी नकाशा बराच वेळ न्याहाळला, गुंडाळला आणि तिच्या हातात परत दिला. "ह्यात माझी गंगी कुटं हाय?"

संघप्रिया तणतणत घरी गेली. पण राग आक्कांचा नव्हता, स्वतःचा होता. म्हैस सोडा, त्या नकाशात मधल्या खोल्यांना उजेडही नव्हता, आणि पुढच्या खिडकीला जन्मभर पडदा लागणार होता. हे तिला काढतानाच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच आली आणि गंगीच्या मागोमाग चालत गेली. दारातून गोठ्यापर्यंत, एका भिंतीच्या कडेनं, सरळ. गोठ्याशी पोचेपर्यंत तिच्या डोक्यात घर तयार झालं होतं. वाट द्यायचीच आहे, तर घरातून कशाला? घराच्या बाजूनं द्यावी. आणि म्हशीला वाटेवर छप्पर तरी कशाला हवं? तेव्हा तिनं टेप काढला.

"पाच फूट जागा म्हशीला?" नृसिंहराव उडालेच. "पेठेत लोक वीतभर जागेसाठी सख्ख्या भावाला कोर्टात वढत्यात."

"म्हशीला न्हाय काका, उन्हाला," संघप्रिया म्हणाली. "वाट वरनं उघडी ठेवायची. पलीकडं शेजाऱ्यांची भिंत. तिला एकबी खिडकी न्हाय. ती चुन्यानं पांढरी करून घेऊ. ऊन तिच्यावर पडंल आणि सगळ्या खोल्यांत येईल. खोल्यांच्या खिडक्या वाटेकडं, पार जमिनीपर्यंत. आत बघणारी एकटी गंगी."

कालिंदीबाई पहिल्यांदा खुदकन हसल्या, आणि काम सुरू झालं.

गल्लीनं टिंगल करायची ती केलीच. रस्त्याकडच्या भिंतीला खिडकी नाही हे बघून धोंडुबाईंना तर मनापासून लागलं. "घर आमच्याकडं पाठ करून बसलंय की." संघप्रियानं ते ऐकलं आणि भिंत थोडी आत घेऊन पुढं गल्लीसाठी ऐसपैस दगडी कट्टा बांधला. बसायचं तेवढं बसा, बघायचं मात्र नाही.

वास्तुशांत दिवाळीच्या पाडव्याला धरली. त्या दिवशी कोल्हापुरात म्हशींचाच मान. गंगी शिंगं रंगवून, पायात चाळ घालून मिरवून आली, आणि नव्या वाटेच्या तोंडाशी थबकली. जन्मभर अंधारातून गेलेलं जनावर ते, समोरचा पांढरा झगझगीत उजेड बघून बुजलं. मागं गल्लीत हशा पिकला. मग आक्का पुढं झाल्या, उजेडात उभ्या राहिल्या आणि हाक मारली. गंगीनं मान हलवली आणि चाळ वाजवत थेट गोठ्यात गेली. शिंगं कुठंही घासली नाहीत.

पंगत बसली. जिलेबी फिरत होती. तेवढ्यात शेजारचा गुंडू दारातून ओरडला, "काकू, तुमच्यात लाईट हाय? आमच्यात कवाच गेली."

सगळ्यांनी वर बघितलं. बल्ब बंद होते. लोडशेडिंग कधीचं सुरू झालेलं, आणि भरलेल्या घरात एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. कालिंदीबाई वाढता वाढता थांबल्या. त्यांनी संघप्रियाकडं बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

बुद्धभूषण मात्र पंगतीत नव्हते. ते बाहेर कट्ट्याशी उभे होते. नृसिंहरावांनी दाराशेजारच्या दगडात कोरून घेतलेलं ते परत परत वाचत होते: रचनाकार संघप्रिया बुद्धभूषण कांबळे. आडनावासकट, पेठेत, दारावर. त्यांनी त्या अक्षरांवरून हात फिरवला आणि मग आत जेवायला आले.

हात धुऊन संघप्रिया बाहेर पडली, तर धोंडुबाई कट्ट्यावर बसून वाटच बघत होत्या. कधी नव्हे ते हळू आवाजात बोलल्या.

"पोरी, आमचंबी घर पाडायचं हाय. पर आमच्यात म्हस न्हाय. चालंल न्हवं?"