दोन पांढरे ठोकळे

माझ्या घरात कुठलीही वस्तू डोळे झाकून हात घातला तरी सापडते. ही शिस्त मी एकटीने लावलेली आहे आणि तिच्याबद्दल घरातल्या कोणीही आजवर माझे आभार मानलेले नाहीत.

मी शाळेचे गणवेश शिवण्याचा छोटा कारखाना चालवते. बारा मशिनी, सोळा बायका आणि भिंतभर बटणांचे डबे. कारखान्यात प्रत्येक डब्यावर लेबल आहे, कारण एका शाळेचं बटण दुसऱ्या शाळेच्या शर्टाला लागलं तर जूनमध्ये पालक दारात उभे राहतात. घरात मात्र मी लेबल लावत नाही. ज्यांच्या लक्षात राहत नाही त्यांनी लेबलं लावावीत, असं माझं मत होतं. (शेवटचा शब्द लक्षात ठेवा.)

माझी मुलगी सृष्टी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय केमिस्ट्री. शिवाय ती जिम्नॅस्ट आहे. म्हणजे पहाटे पाचला उठून उलटी होते, अकराला वर्गात सरळ बसते आणि संध्याकाळी पुन्हा उलटी होते. कॉलेजला तिचा फार अभिमान. मेडल आलं की ती ‘आमच्या कॉलेजची मुलगी’ आणि हजेरी कमी पडली की प्राचार्य मला बोलावून सांगणार, ‘तुमच्या मुलीचं बघा.’ मीही तिच्यासाठी पुष्कळ केलंय. तिचा पहिला स्पर्धेचा पोशाख मीच शिवला होता. (सवयीने खिसा ठेवला. तो विषय घरात काढत नाहीत.)

गेल्या वर्षी विद्यापीठाच्या निवड स्पर्धेत ती सातवी आली. संघात सहा मुली घेतात. सातव्या मुलीला टाळ्या देतात. या वर्षी तिची शेवटची संधी होती, आणि तिची सगळी भीती एकाच प्रकाराची: खालीवर बसवलेले ते दोन दांडे, ज्यांना धरून या मुली माकडासारख्या झोके घेतात. सृष्टीच्या तळव्यांना घाम सुटतो. त्यात ऑक्टोबरातलं सोलापूर! इथे दगडालाही घाम सुटतो. गेल्या वर्षी तिचा हात त्याच दांड्यावरून निसटला होता.

घामावर उपाय म्हणून जिम्नॅस्ट हाताला एक पांढरी भुकटी चोळतात. तिला त्या मॅग्नेशियम म्हणतात. सृष्टीने या स्पर्धेसाठी पुण्याहून त्याचा एक खास ठोकळा मागवला, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवला आणि मला बजावलं, “आई, या डब्याला गुरुवारपर्यंत हात लावायचा नाही. सरावाला मी हॉलमधलंच वापरलालीय.” (सोलापुरीत ‘वापरतेय’.)

“मी कशाला लावू?” मी म्हटलं.

त्याच रविवारी मी दसऱ्याची साफसफाई काढली.

आता दसऱ्याची साफसफाई म्हणजे घरातला प्रत्येक डबा रिकामा होणार, घासला जाणार, गच्चीवर वाळणार. सृष्टीचा डबा मी सोडला असता तर एकटा तोच मळका राहिला असता. माझ्याच्याने ते बघवलं नसतं. म्हणून मी ठोकळा काढून एका वाटीत ठेवला. शेजारच्या वाटीत सासूबाईंच्या विभूतीचा ठोकळा होता. सासूबाईंना आम्ही अत्ती म्हणतो. त्या रोज सकाळी तासभर शिवपूजा करतात, ओली बोटं विभूतीवर घासून कपाळावर तीन पट्टे ओढतात आणि मग घरातल्या प्रत्येकाच्या कपाळावर ओढतात. हा ठोकळा त्यांनी श्रीशैलहून स्वतः आणलेला, आणि तोही श्रीखंडाच्याच डब्यात असतो. (आमच्याकडे श्रीखंड आवडीने खातात.)

संध्याकाळी डबे वाळले. दोन वाट्या, दोन डबे, दोन पांढरे ठोकळे. मी डोळे झाकून भरले.

सोमवारी सकाळीच पहिली तक्रार आली.

“सुवर्णा, विभूतीला वासच न्हाई ग आज.”

“अत्ती, तुम्हाला सर्दी झालीय. साफसफाईची धूळ.”

“मला कुटं सर्दी झालीय?”

“होईल,” मी म्हटलं आणि आलं-मिऱ्याचा काढा करून दिला. तीन दिवस, दोन वेळा, समोर बसून प्यायला लावला.

मंगळवारी आमचे हे शाळेतून आले. हे गणित शिकवतात. “सुवर्णा, कपाळ ओढलालंय ग. ताणल्यासारखं होलालंय.”

“वय झालं तुमचं.”

“एका दिवसात?”

मी त्यांना कोल्ड क्रीम आणून दिलं. त्याने कपाळाला जी चकाकी आली, ती बघून सातवीच्या पोरांनी त्यांचं नाव ट्यूबलाइट ठेवलं. तीन पट्टे असे झळकत होते की दुपारी चारलाही ताजे वाटायचे. एरवी पोरांच्या गुणाकारातली एका शून्याची चूक लांबून पकडणारा हा माणूस. तीन दिवस स्वतःच्या कपाळावर मुलीचं मॅग्नेशियम घेऊन हिंडला!

गुरुवारी स्पर्धा. आणि त्याच दिवशी दुपारी दोनला केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल परीक्षा. पुन्हा घेणार नाही, असं विभागाच्या मॅडमनी स्पष्ट सांगितलेलं. मी वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं होतं: नऊ ते बारा उड्या, साडेबाराला भाकरी, दीडला स्कूटर, दोनला केमिस्ट्री. बॅगसुद्धा मीच भरली. कडक भाकरी, शेंगाचटणी, पट्ट्या, प्रॅक्टिकलचं जर्नल, पांढरा कोट आणि तो डबा.

सुरुवात झकास झाली. उडी छान गेली, जमिनीवरचा प्रकार छान गेला, त्या बारीक फळीवरही ती पडली नाही. राहिले दांडे. प्रशिक्षक शेख सर मला म्हणाले, “मॅडम, फक्त हात निसटला नाही पाहिजे. बाकी पोरगी तयार है.”

आयोजकांनी मॅग्नेशियमची एक थाळी ठेवली होती. ती पहिल्या दहा मुलींतच चाटूनपुसून साफ झाली. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या, आणि माझ्या मुलीने शांतपणे बॅगेतून डबा काढला. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, बघा, याला म्हणतात तयारी! शेजारच्या बाईला मी तसं बोलूनही दाखवलं.

सृष्टीने ठोकळा हातावर चोळला. थांबली. हात नाकाशी नेला. मग मान वळवून तिने प्रेक्षकांत मला शोधलं. ती नजर मी ओळखते. अशाच नजरेने तिने तो खिसा पाहिला होता.

मी खाली धावले.

“आई, हे काय आहे?”

“मॅग्नेशियम.”

“याला वास येलालाय.”

“कसला?”

“आज्जीचा!”

मी वास घेतला. कापूर, केवडा आणि आमचा देव्हारा.

तोवर तिच्या डब्यातून आणखी दोघींनी हातावर चोळून घेतलं होतं. त्यातली अक्कलकोटची मुलगी चपापली, तिने सवयीने बोट कपाळाला लावलं आणि दांड्याला नमस्कार केला. दुसरीने ते पाहून तेच केलं. परीक्षकांना वाटलं, नवीन पद्धत आली असेल.

“यानंही घाम जाईल की,” मी म्हटलं. (काहीतरी म्हणायला हवं होतं.)

शेख सरांनी विभूती तळव्यांना चोळली, खालचा दांडा धरून पाय उचलले आणि पिकलेल्या जांभळासारखे अलगद खाली आले. “नक्को,” ते म्हणाले. मग सृष्टीचा नंबर तेवढा सगळ्यात शेवटी टाकून घेतला. “मॅडम, पंचवीस मिनिटं. त्याच्या वर एक बी नहीं.”

मी घरी फोन लावला.

“अत्ती, तुमच्या डब्यात विभूती नाहीये.”

“मग काय हाय?”

“सृष्टीचं मॅग्नेशियम.”

“म्हंजे मला सर्दी झाली न्हवती.”

“अत्ती, ते नंतर बोलू—”

“सहा वाट्या काढा प्याले मी सुवर्णा!”

“अत्ती, पोरीचा नंबर आहे पंचवीस मिनिटांत. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याकडे तो ठोकळा द्या, मी त्याला पत्ता सांगते.”

“विभूती रिक्षावाल्याकडं देऊ व्हय?”

“ती विभूती नाही, अत्ती!”

“तीन दिस पुजलीय मी. आता हाय.”

फोन बंद. मी ह्यांना लावला. ह्यांचा वर्ग चालू, फोन टेबलाच्या खणात. मी स्कूटरची किल्ली काढली, पण जुळे सोलापूरला घरी जाऊन परत यायचं म्हणजे चाळीस मिनिटं. सृष्टी भिंतीला टेकून बसली होती. रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती तळवे पोशाखाला पुसत होती, पुन्हा ओले होत होते, पुन्हा पुसत होती.

“गेल्या वर्षी निदान माझी चूक होती,” एवढंच ती म्हणाली.

मी तोंड उघडलं, बोलायला काही सापडलं नाही. डोळे झाकले, तरी सापडलं नाही.

तीन मुली उरल्या. दोन उरल्या. तेवढ्यात हॉलच्या दारात गडबड झाली. “अहो आजी, खेळाडूंनाच आत सोडतात!” असा दारावरच्या माणसाचा आवाज, आणि त्यावर अत्तींचा, “मग मी काय बघायला आलीय व्हय?”

चौऱ्याहत्तर वर्षांच्या अत्ती आत आल्या. अर्धी पूजा सोडून, कोपऱ्यावरच्या रिक्षाने, सोवळ्याच्या साडीत, हातात पूजेची थाळी, थाळीत ठोकळा, ठोकळ्यावर बेलाचं पान. कपाळ असं लखलखत होतं की फोटोग्राफरने कॅमेरा खाली केला.

शेख सर धावले. “आज्जी, जल्दी दो!”

“आदी माझी द्या.”

हॉलच्या मधोमध अदलाबदल झाली. दोन देशांनी कैदी सोडावेत तशी. अत्तींनी एका हाताने विभूती घेतली, दुसऱ्याने ठोकळा पुढे केला. तरी ठोकळा सोडायच्या आधी त्यांनी एक अट घातलीच: “पायाला लावायचं न्हाई, सृष्टी. पुजलेलं हाय.”

दांड्यांना पाय लावायचे नसतात म्हणून आम्ही वाचलो. एक प्रकार आधी, फळीच्या वेळी आल्या असत्या, तर अत्ती फळीखालीच जाऊन बसल्या असत्या.

नाव पुकारलं गेलं. तीन दिवस ओली बोटं लागून ठोकळ्याचा वरचा थर चिकट झाला होता. सरांनी तो नखाने खरवडला, आतलं कोरडं फोडलं, सृष्टीने हात पांढरेफटक करून घेतले आणि ती दांड्याखाली उभी राहिली. मी डोळे झाकले. म्हणून पुढचं मी पाहिलेलं नाही. मला अत्तींकडून कळलं.

“गेली ग वर... फिरली... आता दुसऱ्याला धरती... अय्यो शिवा!”

“पडली?”

“धरलं की! तू बघ की जरा! डबं भरायचं तवाबी डोळं झाकलीस, आताबी झाकलालीस!”

धप्प असा आवाज आला. मी डोळे उघडले. सृष्टी गादीवर दोन्ही पायांवर उभी होती, हात वर. हातावर कोपरापर्यंत पांढरं आणि दंडाला एक बेलाचं पान.

सहावी आली. सातवीत आणि तिच्यात बोटाच्या पेराएवढा फरक. शेख सरांनी अत्तींना खुर्ची दिली, चहा मागवला, संघाच्या फोटोत मधोमध बसवलं. अत्तींनी सहाही मुलींच्या कपाळाला विभूती लावली. (अस्सल.) मला फोटो काढायला सांगितलं.

मग दीडला स्कूटर. भाकरी सृष्टीने मागे बसूनच खाल्ली, निम्मी माझ्या पाठीवर सांडली. दोन वाजायला दोन मिनिटं असताना ती प्रयोगशाळेत शिरली. तिथे तिला एका काचेच्या नळीत एक अनोळखी पांढरी भुकटी दिली आणि ही काय आहे ते ओळख म्हणून सांगितलं. तिने सगळ्यात आधी ओळखली. बाहेरचे परीक्षक खूश झाले. म्हणाले, “इतक्या लवकर? सुरुवात कुठून केलीस?”

“सर, आधी वास घेतला,” ती म्हणाली. “आमच्याकडे तशीच पद्धत आहे.”

परवा ती संघाबरोबर आठ दिवसांसाठी परराज्यात जाणार आहे. बॅग तिची तिनेच भरली. मी नुसती मदत करू का विचारलं, तर तिने चेन लावली, चेनला आकड्यांचं कुलूप घातलं आणि आकडा फक्त आज्जीच्या कानात सांगितला. घरात गेले पंधरा दिवस लेबलं लागलेली आहेत. ह्यांनी ती शाळेतल्या अक्षरात लिहिलीत, मिठाच्या बरणीवरसुद्धा ‘मीठ’. अत्तींना माझ्या हातचा चहा दिला की त्या आधी विचारतात, “काढा न्हाई न्हवं?” हे सगळं मी मुकाट सोसते. पण मुलगी आठ दिवस लांब जाणार आणि तिने बॅगेत मोजे नीट ठेवले असतील की नाही, हे आईला कळू नये?

काल मी अत्तींना तिसऱ्यांदा आकडा विचारला.

“आकडा कशाला पायजे तुला?” त्या जपमाळेवरची नजर न काढता म्हणाल्या. “डोळं झाकून हात घाल की.”

मी घातला. कुलूप निघालं नाही.