दळलेले दाणे

ताईंचा राग कुणालाच नवा नव्हता. दूध न्यायला येणारी माणसं आधी गोठ्याच्या दाराशी कान देऊन अंदाज घेत, आणि मगच भांडं पुढे करत. नवरा गेल्यावर त्या धाकट्या भावाकडे राहायला आल्या आणि आल्या आल्या त्याच्या गोठ्याचा ताबाच घेतला. भाऊ स्वभावाने गरीब. "घर माझं, पण हुकूम तिचा," असं तो हसत सांगायचा. तेही ताई आसपास नाहीत ना, हे बघून.

ठिपकी गाय व्यायली, वासरू धडपडत उभं राहिलं, इथवर सगळं ठीक होतं. मग गाईने खाणं टाकलं. आधी पेंडीला तोंड लावेना, मग हिरव्या चाऱ्यालाही. रवंथ थांबला. तोंडाजवळ गेलं की फार पिकलेल्या फळासारखा गोडूस वास यायचा. ताई तिची मान चोळत बसल्या आणि दिसेल त्याच्यावर खेकसत राहिल्या.

डॉक्टर आले. त्यांनी सलाईन लावलं आणि विचारलं, "ते ब जीवनसत्त्वाचे दाणे व्यायच्या आधीपासून रोज दिलेत ना?"

"रोज!" भाऊ उत्साहाने म्हणाला. "गव्हाणीच्या तळाशी तसेच ठेवायची हो. म्हणून मी मिक्सरमधून बारीक दळून पेंडीत कालवायला लागलो. चाटूनपुसून खायची."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "दळलेत? अहो, त्या दाण्यांवर चरबीचा लेप असतो. गाईच्या पहिल्या पोटातले जंतू उघडं जीवनसत्त्व तिथल्या तिथे फस्त करतात. लेप असला तर ते पुढे आतड्यापर्यंत पोचतं. तुम्ही लेपच मोडलात. गाईच्या वाट्याला काय उरणार?"

ताई ताडकन उठल्या. "मिक्सर! घरात मेला मिक्सर आहे म्हणून दिसेल ते दळायचं? उद्या मलाही दळशील!"



"थांबा, ताई," डॉक्टर म्हणाले. "नुसत्या दाण्यांवर खापर फोडू नका. दाणे नीट दिले असते तरी ही गाय अडचणीत आली असती. केवढी जाड झालीय! व्यायच्या आधी धार काढणं थांबवल्यावर हिला इतका खुराक कुणी घातला? व्यायल्यावर खाणं कमी पडलं, की अंगावरची चरबी वितळून लिव्हरवर जाते. हा वास त्याचाच."



"मीच घातला," भाऊ हळूच म्हणाला.

ताईंचा चेहरा लालभडक झाला. "खोटं बोलतोस? माझ्यासमोर? मी घातला खुराक. पोटुशी आहे, दोन जिवांची आहे, म्हणून रोज जास्तीचा घातला. तू कशाला आपल्या अंगावर घेतोस?"

मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. "आणि तुम्ही हो? दाण्यांची पिशवी गाडीच्या खिडकीतून आमच्या हातात कोंबलीत, 'रोज द्या' म्हणालात आणि भुर्रकन गेलात. दळू नका, हे सांगायला तोंड दुखत होतं? गाय जाड होतेय, हे तेव्हा खाली उतरला असतात तर दिसलं असतं की नाही?"

 "दिसलं असतं," डॉक्टर म्हणाले. पालथी बादली ओढून बसले आणि गोठ्यातल्या दुसऱ्या, गाभण गाईला काय, किती, कधी द्यायचं ते सगळं सावकाश समजावू लागले. ताईंनी प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली, दोन्ही वेळा रागानेच.

ठिपकी वाचली. हळूहळू चारा खाऊ लागली, पण त्या वेताला दूध मनासारखं आलंच नाही. दुसऱ्या गाईचे दाणे भाऊ ओल्या पेंडीच्या लाडवात अख्खेच दडवून भरवू लागला आणि ताईंनी तिचा जादा खुराक बंद केला. ती व्यायली आणि त्याच संध्याकाळी गव्हाणीत तोंड घालून खात उभी राहिली.

ताई तरीही भावाशी धड बोलत नव्हत्या. शेवटी त्याने विचारलं, "अजून मिक्सरचाच राग आहे का गं?"

"मिक्सर गेला खड्ड्यात," ताई कडाडल्या. "त्या माणसासमोर मला पाठीशी घातलंस, त्याचा राग आहे. माझं चुकलं तर मी सांगेन. तुझ्यामागे लपायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

भाऊ हसला, आणि त्याबद्दल पुन्हा बोलणी खाल्ली.