कमलच्या ओळीत देवरे मॅडम

कोणतीही मुलगी पहिल्यांदा भेटली की देवरे मॅडम तिचा हात हातात घेऊन तळवा बघायच्या. मुलींना वाटे, मॅडम भविष्य सांगतात. माझ्या कमलने तर हात धुऊन पुढे केला होता. मॅडमनी तिच्या तळव्यावरचे घट्टे अंगठ्याने दाबून पाहिले आणि म्हणाल्या, "हिला कानस धरायला वेगळं शिकवायला नको. विळा धरलेला हात शे हा."

नाशिकच्या तंत्रनिकेतनात त्या वर्कशॉप शिकवायच्या. आदिवासी मुलींच्या शिष्यवृत्तीचं कामही त्यांच्याकडेच होतं. मूळच्या नामपूरच्या, त्यामुळे खूश असल्या किंवा रागावल्या की बोलण्यात 'आहे'चं 'शे' व्हायचं. आमचा पाडा पेठकडचा. मी चौथी शिकलेली, ऑफिसात गेले की दाराबाहेरच उभी राहायची. मॅडम आतून म्हणायच्या, "कमलची आई, दार पडतंय का गं, धरून उभी राहिलीस ते?" मग स्वतः उठून खुर्ची पुढे करायच्या. "लाज चोरी करणाऱ्याला असावी माय. विचारणाऱ्याला कशाला?" तरी मी कधी काही विचारलं नाही.

त्यातूनच घोटाळा झाला. शिष्यवृत्तीतून कमलची फी आणि होस्टेल भागत होतं. आमच्याकडे लग्नात नेसवलेलं लुगडं कोणी परत मागत नाही. ही मदतही तशीच, एकदा दिली की दिली, असं मी आणि कमलचे वडील समजलो. दसऱ्यानंतर आमची टोळी द्राक्षाच्या छाटणीला वणीकडे निघाली, तेव्हा कमललाही घेतलं. टोळीत ठरलेला एक हात कमी पडला की त्याची वेलींची ओळ बाकीच्यांवर येते, आणि शब्द मोडणाऱ्या घराला पुढच्या वर्षी कोणी बोलवत नाही. कमल म्हणत होती, "आई, कॉलेजात हजेरी लागते गं." तिचे वडील म्हणाले, "आल्यावर लावतील."

एका सकाळी मॅडम स्कूटीवरून थेट बागेत आल्या. "आणखी थोडे दिवस ही आली नाही तर शिष्यवृत्ती बंद होईल," त्यांनी कमलच्या वडिलांना सांगितलं. "मग पोरगी कायमची घरी बसेल. चालेल तुम्हाला?"

ते छाटता छाटता म्हणाले, "आमाला नाय माहीत मॅडम. पण मुकादमाला शब्द दिलाय."

रामदास मुकादम पुढे आला. "पोरगी न्या की. पण तिची ओळ कोण घेईल?"

"मी घेते."

"तुमाला येतं?"

"नामपूरची शे मी. शेतातच वाढले."

त्यांनी कमलच्या हातातली कात्री घेतली, कमलला एसटीकडे पिटाळलं आणि पदर खोचून छाटायला लागल्या. कुठली काडी ठेवायची, कुठली उडवायची, काही कळत नव्हतं. दाखवलं की "हां हां" म्हणायच्या आणि नेमकी फळाची काडी कापायच्या. दुपारपर्यंत मुकादमाचा चेहरा पार उतरला.

"बाई, हा काय कांदा नाय, मुंडकं छाटलं की झालं."

"शिकेन हळूहळू. उद्या पण येते. रजा टाकली आहे."

मुकादमाने हात जोडले. "नका येऊ. बागवाला आमाला हाकलून देईल. पोरीची ओळ आमी वाटून घेऊ."

सगळी टोळी हसली. मॅडमही हसल्या. त्यांनी कात्री माझ्या हातात दिली तेव्हा मी पहिल्यांदा त्यांचा तळवा पाहिला. फोड आला होता.

कमलची हजेरी काठावर पुरली. शिष्यवृत्ती राहिली. आज ती सातपूरच्या कंपनीत मशीनवर काम करते, आणि मी छाटणीला जाणं सोडलं.

मॅडम निवृत्त होऊन नामपूरला निघाल्या, तेव्हा मी नागलीचे पापड घेऊन भेटायला गेले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, पण दारातच विसरले. तोंडातून एवढंच निघालं, "मॅडम, त्या दिवशी मुद्दाम चुकीचं छाटलंत का?"

मी त्यांना विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता. "कांद्याच्या गावची मी," त्या म्हणाल्या, "द्राक्षाचं मला काय कळतं माय?" मग पापडांची पिशवी घेतली. "आभार-बिभार काही बोलू नको. पाड्यावरची पुढची पोरगी शिकायला निघाली की तिच्याकडे बघ."

यंदा शेजारच्या लीलाची मुलगी नंदा तंत्रनिकेतनात लागली. तिलाही तीच शिष्यवृत्ती आहे. छाटणी जवळ आली तशी लीला तिचंही गाठोडं बांधू लागली. मी तिच्या दारात थांबले नाही, आत जाऊन बसले. म्हटलं, "नंदाला नेऊ नको. तिची ओळ मी घेते."

बागेत मला बघून रामदास मुकादमाने कपाळाला हात लावला. "आता तू बी मॅडम झाली का?"

मी पदर खोचला आणि पहिल्या वेलीला लागले. तो थोडा वेळ मागे उभा राहून बघत होता. मग जाता जाता म्हणाला, "निदान तुला छाटता तरी येतं."