शेजारचा सेट बंद ठेवून दाखवलेला रिसीव्हर

सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की माणिकपूरचा तो रविवार आठवतो आणि अजून डोकं तापतं. हॅम, म्हणजे हौशी लोकांच्या रेडिओच्या जुन्या रिसीव्हरची मागणी होती नऊ हजार. हजर होतो मी, विकणारा फ्रान्सिस आणि त्याचा शेजारी पास्कल, तोही घरी सेट असलेला हॅम. मला बोटीवरच्या भावाचा क्षीण आवाज ऐकायचा होता.

“मुंगी चालली तरी ऐकू येईल,” फ्रान्सिस म्हणाला.

“आणि शेजारच्या सेटवरून कोणी जोरात बोललं तर?” मी विचारलं.

“रेडिओ घेताय की सोयरीक जुळवताय, भाऊ?”

मी पास्कलला घरी जाऊन जवळच्याच फ्रिक्वेन्सीवर बोलायला लावलं. त्याने बोलायचं बटण दाबताच रिसीव्हरवर लावलेल्या दूरच्या स्टेशनचा आवाज त्याच्या जोरापुढे गडप झाला.

परत आल्यावर पास्कल सहज बोलून गेला, “सकाळी हा फ्रान्सिस मला म्हणाला, गिऱ्हाईक जाईपर्यंत तुझा सेट बंद ठेव.”

सोयरिकीचा विनोद ऐकून मी फ्रान्सिसला अडाणी समजलो होतो. आता कळलं, क्षीण आवाज पकडणं एक आणि शेजारचा जोरदार आवाज थोपवणं दुसरं, ही रिसीव्हरची दोन्ही मापं त्याला माझ्याहून चांगली ठाऊक होती.

त्याला मी छदामही दिला नाही. चाळीस रुपये दिले, ते रिक्षावाल्याला.