झावळीच्या रंगाच्या विहिरी

अमावास्येनंतरच्या मंगळवारी आम्ही आळीतल्या एकवीस विहिरींचं पाणी मोजलं. हजर दोघंच : मी आणि माझी मावसबहीण नलूताई. शेवटची विहीर तिचीच. तिच्या काठावर बसून ती म्हणाली, "आकडे दे आणि घरी जा, जेवण थांबलं असेल तुझं." शुक्रवारी सकाळी फोन आला, ती झोपेतून उठलीच नाही... त्याला आता पाच आठवडे झाले.

चौलच्या आमच्या वाड्यांमधलं पाणी खारट होत चाललं आहे. प्रत्येकाच्या विहिरीवर पंप, आणि जितका उपसा जास्त तितका समुद्र आत. मी दर महिन्याला मीटर बुडवून खारटपणाचे आकडे वहीत लिहायचो, दशांशासकट. देवळातल्या बैठकीत ते वाचू लागलो की शेजारचे बाळूकाका म्हणायचे, "ह्याचा पाढा सुरू झाला रे, चला चहाला." माणसं खरंच उठायची.

नलूताई चित्रकलेची निवृत्त शिक्षिका. तिनं वही मागून घेतली आणि कार्डशीटवर आळी काढली, माडावर चढलेल्याला दिसते तशी. प्रत्येक विहीर म्हणजे एक गोल. मी निळा रंग सुचवला. "अरे, पाण्याकडं इथं कोण बघतं? झावळीकडं बघतात." मग दुपारभर आम्ही वाडीत झावळ्या गोळा करत हिंडलो. ऊन पोफळींमधून गाळून खाली येत होतं, आणि आपण चालतोय की पाण्याखाली तरंगतोय, कळत नव्हतं... गर्द हिरवी, पिवळट, टोकाला करपलेली, पार तांबडी, अशा झावळ्या तिनं ओट्यावर मांडल्या आणि तसे रंग कालवले. पाणी जितकं खारट, तितका गोल करपलेला. मी गोलात आकडे लिहायला लागलो तर तिनं पेन काढून घेतलं. एकदा मात्र तिनंच लोक घाबरावेत म्हणून खालच्या, समुद्राकडच्या विहिरी जरा जास्त तांबड्या केल्या. मी म्हटलं, "ताई, एवढं मोजलेलं नाही." तिनं नवा कागद घेतला.

महिन्यामहिन्याचे कागद देवळाच्या सभामंडपात सुतळीवर टांगलेले असत. वाऱ्यानं ते हलत, आणि तांबडा रंग समुद्राकडून वर चढताना दिसे. आता कोणी चहाला जात नसे, जो तो आपला गोल शोधी. पण पंप कोणी थांबवला नाही. "माझा बंद करून काय व्हनार? बाजूचा चालूच हाय," बाळूकाका म्हणायचे. नलूताईचाही चालूच होता. "माझी वाडी जळेल रे," असं एकदा मला हळूच म्हणाली. लोकांना दिसतं, आपल्यालाही दिसतं, तरी हात बटणाकडं जात नाही, हेच तिच्या मनाला लागून राहिलं होतं.

या महिन्याचा कागद मी काढला. गोल वाकडे आले. तिच्या विहिरीत मीटर तीनदा बुडवला, मग ताजी झावळी शेजारी धरून रंग कालवला.

बाळूकाका कागदासमोर बराच वेळ उभे होते. "नलूची हिरवी कशी? गेली म्हणून चांगला रंग दिलास व्हय?"

"काका, तीनदा मोजली. पाच आठवडे तिचा पंप बंद आहे."

त्यांनी शेजारच्या आपल्या तांबड्या गोलावर बोट ठेवलं.

काल दुपारी त्यांच्या वाडीवरून जाताना वाटलं, आपल्याला ऐकू येईनासं झालंय की काय... पंप बंद होता. काका धापा टाकत बालदीनं पोफळींना पाणी घालत होते. मला बघून ओरडले, "उभा काय ऱ्हायलास? मीटर आन!"