बाहेरगावचे पाच रुग्ण

राधाकिसन आमच्या आरोग्य केंद्रात आरोग्यसेवक होता आणि मी लिपिक. तो गावोगाव फिरून माहिती आणायचा, मी ती तक्त्यात भरायचो. मंठा तालुक्यात आम्ही सतरा वर्षं असं शेजारी शेजारी काम केलं. येत्या मे महिन्यात मी निवृत्त होतो आहे. कपाट आवरताना १९८७ सालचा नारूचा तक्ता हाती लागला. त्यात माझं अक्षर आहे आणि कडेला पेन्सिलीनं त्याचं. त्याच्याविषयी कोणी तरी लिहून ठेवावं असं वाटलं.

आताच्या मुलांना नारू माहीत नाही, हे चांगलंच आहे. पायऱ्यांच्या विहिरीतलं, म्हणजे बारवेतलं, पाणी न गाळता प्यायलं की त्यातून नारूचं बीज पोटात जाई आणि साधारण वर्षभरानं पायातून हातभर लांबीचा दोऱ्यासारखा जंत बाहेर पडे. तो ओढला की तुटायचा, म्हणून काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा काढायचा. महिना-दोन महिने माणूस जागचं हलू शकत नसे. पाय आगीसारखा भाजायचा, म्हणून रोगी तो गार पाण्यात सोडून बसायचा, आणि तेवढ्यात जंत त्या पाण्यात आपली पिल्लं सोडायचा. यावर गोळी नाही, लस नाही. पाणी गाळणं आणि पाण्यात पाय न घालणं, एवढाच इलाज.

राधाकिसन कोणाच्याही घरी गेला की आधी पाणी मागायचा आणि पेला उन्हात धरून बघायचा. बायांना राग यायचा.

"पाणी पेतो का पारखतो रे बाबा?" एकीनं माझ्यासमोर विचारलं होतं.

"दोन्ही करून राह्यलो वहिनी. आधी पारखतो, मंग पेतो."

त्याचं शिक्षण मॅट्रिकपर्यंत. वडिलांनी मेंढरं विकून चार एकर घेतले आणि पोराला शाळेत घातलं. मी बी. कॉम. झालेला, जुन्या जालन्यातला. प्रत्येक स्तंभाची बेरीज आडवी-उभी जुळली की मला बरं वाटायचं. १९८७ साली फाल्गुनअखेरचा तक्ता असाच बरोबर जुळला होता. आमच्या हद्दीतल्या सगळ्या गावांपुढे शून्य. तालुक्याला पाठवायला मी तो पाकिटात घालत होतो, तेव्हा राधाकिसन पाच चिठ्ठ्या घेऊन आला.

"भाऊसाहेब, हे पाच कुठं गेले?"

मी बघितलं. पाच वेगवेगळ्या गावांतून आलेले नारूचे पाच रुग्ण. पाचही चिठ्ठ्यांवर शेरा होता, बाहेरगावचा.

"बाहेरगावचे रुग्ण आपल्या बेरजेत येत नाहीत," मी सांगितलं. "ते त्यांच्या गावच्या तक्त्यात येतील."

"त्यायच्या गावाला मी कालच जाऊन आल्तो. तिथल्या रजिस्टरात घर बंद लिवलंय. दिवाळीपासून आषाढापर्यंत त्यायची घरं बंदच राहत्यात. मेंढरामागं हायेत ते." त्यानं चिठ्ठ्या माझ्यापुढं ओळीनं मांडल्या. "हे गाव म्हणतं बाहेरचे, ते गाव म्हणतं बाहेरचे. मंग ह्यायला आपलं म्हणणारं गाव तरी कोणतं?"

तक्ता मीच आखलेला होता. घर क्रमांक नसलेला माणूस कुठं लिहायचा, याचा विचार मी केलाच नव्हता.

पाचही चिठ्ठ्या एकाच वाड्याच्या निघाल्या. मेंढपाळांचा फिरता तळ असतो त्याला ते वाडा म्हणतात. हा वाडा शहागडच्या बाजूनं मंठ्याकडे सरकत होता आणि वाटेत एकेक माणूस आडवं होत होतं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. राधाकिसन म्हणाला, चला भाऊसाहेब, तुमचे बाहेरगावचे दाखवतो. मी त्याच्या सायकलवर मागे बसलो.

तळावर गोपिकाबाई भेटली. वाड्याचा कारभार तिच्याकडे होता. नवरा रायभान आणि थोरला मुलगा दोघे घोंगडीवर पाय लांब करून पडलेले, दोघांच्या घोट्याशी काडी बांधलेली. धाकटा तातेराव तेवढा चालता. दीडशे मेंढरं, दोन घोडी आणि तो एकटा.

"हा बी पडला तर मेंढरं विकावी लागतील," ती म्हणाली. तिच्या आवाजात रडणं नव्हतं, ठरवून ठेवल्यासारखं बोलली. "आमच्यातलं हे तिसरं साल हाये. दरसाल चार-पाच जण. लोक म्हणत्यात धनगरं नारू घेऊन हिंडत्यात."

मी वही काढली. "मागच्या वर्षी याच महिन्यात तुम्ही कुठलं पाणी प्यालात? गाव आणि तारीख सांगा."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग राधाकिसनकडे. "हे साहेब तारखेला पाणी पेतात का?"

रायभान पडल्या पडल्या हसला. राधाकिसन मात्र उठून मेंढरांत शिरला. एका मेंढीचं तोंड उघडून त्यानं दातांवरून ती वर्षाची असल्याची खात्री केली आणि हाक मारली, "मावशी, ही कुठं जलमली?"

"ती व्हय? ती गंगाकाठी, शहागडला. तवा आमी नदीचंच पाणी पेत होतो, वाहतं."

"आन् ही काळ्या कानाची?"

"ती वाटंवर, शाळेच्या पटांगणात. तिथं हापसा होता."

"ही?"

"ही रामराव पाटलाच्या मळ्यात. लिंबाखाली. तिच्या मायला दूधच न्हाई आलं, मी बारवेच्या पाण्यात गूळ घालून पाजलं. मोठं वावर हाये, वीस रात्री बसवतो आमी मेंढरं तिथं, खतासाठी. दरसालचं बोलावणं असतं."

एका तासात मागच्या वर्षीचा सगळा रस्ता त्या कळपातून बाहेर आला. मी लिहीत होतो. त्या बाईला अक्षर येत नव्हतं, पण वर्षाची प्रत्येक मेंढी तिच्यासाठी एक नोंद होती, आणि कुठलीही नोंद चुकलेली नव्हती.

"मागच्या साली तिथं कुणाचा पाय सुजल्ता का?" राधाकिसननं विचारलं.

"माझ्या दिराचा. लई भाजायचं. बारवेच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून दिसभर बसायचा. तेवढ्यानंच गार वाटायचं त्याला."

परत येताना राधाकिसननं मला समजावलं. जंताची पिल्लं पाण्यातल्या बारीक किड्याच्या पोटात दोन आठवडे वाढतात, मग ते पाणी पिणाऱ्याला रोग होतो. गोदावरीचं वाहतं पाणी आणि हापसा यांतून तो होत नाही. एखाद-दोन रात्री थांबणारा वाडा तिथलं पाणी नासवून पुढं निघून जातो. पण वीस रात्री थांबणारा वाडा तेच पाणी पीत राहतो, आणि पुढच्या वर्षी त्याच सुमारास, त्या मळ्याच्या वाटेवर नाही तर मळ्यातच, पाय फुटतो.

"आता दहा-बारा दिसांत हा वाडा तिथं पोचतोय," तो म्हणाला. "पाच फुटलेले पाय घेऊन. तातेराव ते पाणी पेला की संपलं."

ती बारव आमच्या विहिरींच्या यादीत नव्हती. यादी पिण्याच्या विहिरींची होती आणि ही शेताची. गावात हापसा झाल्यापासून गावकरी तिथलं पाणी पीत नव्हते. गाव तीन वर्षांपासून नारूमुक्त म्हणून कागदोपत्री होतं. राधाकिसननं मळ्यातून बाटलीत पाणी आणलं, फडक्यातून गाळलं, आणि भिंगाखाली फडक्यावर तुरुतुरु हलणारे पांढरे ठिपके मला दाखवले.

"हे किडे मारायला औषध पायजे. जल्दी."

"यादीबाहेरच्या विहिरीला औषध देता येत नाही," मी म्हणालो.

तो भांडला नाही. बाटली माझ्या टेबलावर ठेवून गेला. मी दोन दिवस नियम चाळले. नियम बरोबरच होता. बाटली समोर होती. तिसऱ्या दिवशी मी यादीच्या शेवटी नवीन अनुक्रमांक घालून ती बारव लिहिली आणि 'बाहेरगावचे' हा स्तंभ बेरजेत घेतला. शून्याचे पाच झाले. आमच्या डॉक्टरांनी सही करताना विचारलं, "शून्य चांगलं होतं की. हे कशाला?" पण सही केली.

औषध घेऊन राधाकिसन मळ्यात गेला तेव्हा मीही गेलो. रामराव पाटील बांधावर उभे होते.

"आमच्या गावात नारू न्हाई. तुमच्याच सरकारनं लिहून दिलंय."

"लिहिणारे हे हायेत," राधाकिसननं माझ्याकडे बोट केलं. "इचारा त्यायला."

मी म्हणालो, चूक माझी होती.

रामरावांनी बारवेकडे बघितलं. मग म्हणाले, "मंग सोपं हाये. धनगरायला सांगतो, यंदा येऊ नका."

राधाकिसनला नेमकी हीच भीती होती. वाटेत तो दोनदा बोलला होता. एका पाटलानं नाही म्हटलं की दहा पाटील म्हणतात, आणि मग वाडा कुठल्या तरी दुसऱ्या बारवेवर जाऊन थांबतो, जी आपल्याला माहीतही नसते.

"खत कुठून आणणार, मामा?" त्यानं विचारलं. "आन् ते गेले तरी पाणी हितंच राहणार. सालभर उन्हातान्हात एखादा मजूर पेलाच तर? म्या पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत घालायची म्हणतो. वरून पोहऱ्यानं पाणी काढा. कुणी खाली उतरायला नको."

"पायऱ्या बंद?" बोलल्या त्या रामरावांच्या आई, झुंबरबाई. मळ्यातल्या कोठ्याजवळ बसून त्या शेंगा फोडत होत्या. "खाली आसरा हायेत. त्यायला हळद-कुंकू कोण वाहणार, तुझा साहेब?"

बारवेच्या शेवटच्या पायरीवर कोनाड्यात शेंदूर लावलेले सात दगड होते, त्याच आसरा, पाण्याच्या सात देवी. रामरावांनी हात झटकले. हा विषय आईचा होता.

राधाकिसन त्यांच्याजवळ जाऊन खाली बसला आणि शेंगा फोडू लागला. मग म्हणाला, "आजी, आसरायच्या पाण्यात पाय घालायचा असतो का?"

"न्हाई. आमच्या सासूबाई चपला बांधावर सोडायच्या."

"मागच्या साली एक माणूस वीस दिस सुजलेला पाय सोडून बसल्ता तिथं. पू, रगत, सगळं त्यात."

झुंबरबाईंचा हात थांबला. त्यांनी लेकाकडे बघितलं. "तुला ठाऊक होतं?"

रामरावांनी मान खाली घातली.

"मंग भिंत घाल," त्या राधाकिसनला म्हणाल्या. "पण आधी आसरायला वर आण. लिंबाखाली. नारळ मी फोडते. आन् धनगरायला येऊ दे. त्यायच्या बाया दरसाल आसरायची वटी भरत्यात, तुमच्या बाया भरत न्हाईत."

भिंत चार दिवसांत झाली. दगड मळ्यातलेच होते. पाचव्या दिवशी औषध टाकलं. वाडा आला त्या दिवशी राधाकिसन रुग्णांच्या पायांना पट्ट्या बांधत होता आणि प्रत्येक कुटुंबाला दुहेरी फडकं देत होता. गोपिकाबाईनं भिंत बघितली, लिंबाखालचे सात दगड बघितले आणि पोहरा सोडला. पहिलं पाणी फडक्यातून गाळून तातेरावला दिलं.

पण खरं काय झालं ते कळायला एक वर्ष लागणार होतं. नारूचं हेच अवघड होतं. तालुक्याच्या बैठकीत शून्याचे पाच केल्याबद्दल, चिठ्ठ्या त्याच्या म्हणून, राधाकिसनला सगळ्यांसमोर बोलणी बसली. तो खाली बघत उभा राहिला. नंतर चहा पिताना मला म्हणाला, "बोलणी आज बसत्यात, उत्तर चैतात येईल. वाट बघू."

पुढच्या चैत्रात आम्ही पुन्हा त्याच मळ्यात गेलो. वाडा आलेला होता. राधाकिसननं एकेकाला उभं करून पायाच्या बोटांपासून गुडघ्यापर्यंत हात फिरवला. म्हातारे, बाया, लेकरं, सगळे. रायभान आता चालत होता. तातेराव सापडेना. तो एका पळालेल्या मेंढीमागे वावराच्या पार टोकाला धावत होता.

"त्याचा पाय काय तपासतो," गोपिकाबाई म्हणाली, "बघ की."

तातेराव मेंढी खांद्यावर टाकून आला. वर्षाची, पांढरी, कपाळावर ठिपका. राधाकिसननं सवयीनं तिचे दात बघितले.

"ही कुठं जलमली, मावशी?"

"हितंच. तू फडकी वाटली ना, त्याच राती. नावच फडकी ठेवलं तिचं."

राधाकिसननं त्या मेंढीच्या कपाळावरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "लिवा भाऊसाहेब."

मी तक्ता उघडला. 'बाहेरगावचे' या स्तंभाचं नाव मी वर्षभरापूर्वीच खोडून 'वाड्यावरचे' केलं होतं. त्याखाली शून्य लिहिलं, आणि पहिल्यांदाच एखादं शून्य माणसांना विचारून लिहिलं असं वाटलं.

राधाकिसन २००३ मध्ये निवृत्त झाला. देश नारूमुक्त झाल्याचं त्याच्या तीन वर्षं आधी जाहीर झालं होतं. त्या दिवशी कार्यालयात पेढे आले. तो रजेवर होता. मागून कळलं की चैत्र नसतानाही तो मळ्यात गेला होता, बारवेत पोहरा सोडून पाण्याचा पेला उन्हात धरून बघायला.